बसून खाणारी डिस्क

रेडची, म्हणजे सर्व्हरमध्ये अनेक डिस्क एकत्र बांधून चालवायच्या पद्धतीची, खरी अडचण अशी, की एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं. विकत घेताना पैसे त्यासाठीच मोजलेले असतात. तरीही सांगली-मिरजेत लोकांचे सर्व्हर सांभाळताना मला सगळ्यात जास्त धास्ती याच गुणाची वाटते. बंद पडलेला सर्व्हर कुणालाही कळतो. मुनीम फोन करतो, मालक फोन करतो, मालकाचा पुण्यातला भाचा फोन करून मलाच चार गोष्टी शिकवतो. अर्धा मेलेला सर्व्हर मात्र कुणालाच कळत नाही.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडत दुकानात मी प्रिंटर बघायला गेलो होतो. ऐन सौद्यांचे दिवस. दारात पोत्यांच्या थप्प्या, हमालांची ये-जा, आणि हवेत हळदीची ती बारीक भुकटी, जी शर्टावर बसली की धुण्याला सुद्धा दाद देत नाही. सर्व्हर पोटमाळ्यावर, लाकडी कपाटात. प्रिंटरची वायर बघायला वर चढलो आणि सहज त्याच्याकडे नजर गेली. चार डिस्क, चार दिवे, आणि चारही दिव्यांवर हळदीचा थर. बोटाने पुसून पाहिलं तेव्हा कळलं की तीन हिरवे आहेत आणि एक मुळातच पिवळा आहे. खाली मुनीमजींना विचारलं, तर म्हणाले, "त्ये लै कुईकुई करत हुतं ओ. पोरानं कायतरी बटन दाबलं, गप झालं. बाकी समदं चालू हाय की!"

बाकी समदं खरंच चालू होतं. शेतकऱ्यांच्या पट्ट्या निघत होत्या, जीएसटीची बिलं होत होती, काटा जोडलेला होता. लॉग उघडला तर डिस्क होळीच्या आधीच गेलेली, आणि आम्ही बोलत होतो तेव्हा अक्षय्य तृतीया तोंडावर आली होती.

एवढे दिवस तो सर्व्हर काय करत होता, हे मुनीमजींना सांगून उपयोग नव्हता, पण इथे सांगतो. चार डिस्कांच्या रेड 5 मध्ये प्रत्येक ओळीत तीन डिस्कांवर माहिती असते आणि चौथीवर त्या तिघींची पॅरिटी, म्हणजे सम-विषमाची नोंद. समजा तीन बिट 1, 0, 1 असे आहेत. एक हा आकडा दोनदा, म्हणजे सम वेळा आला, म्हणून पॅरिटी 0. आता मधली डिस्क गेली. उरलं 1, कायतरी, 1 आणि पॅरिटी 0. बेरीज सम राहायची तर त्या कायतरीच्या जागी 0 च असायला हवा. झालं, गेलेला बिट परत आला. पॅरिटीची जागा दर ओळीला बदलते, म्हणजे एकाच डिस्कवर सगळा भार येत नाही. हे गणित इतकं सोपं आहे की शाळेतल्या मुलाला पाच मिनिटांत समजावं. मुनीमजी ज्या पट्ट्या छापत होते त्यातला साधारण प्रत्येक चौथा तुकडा डिस्कवरून वाचलेला नव्हताच. उरलेल्या तिघींकडून विचारून, गणित मांडून, जागच्या जागी तयार केलेला होता. आणि या दिवसांत त्या तिघींपैकी आणखी एक गेली असती, तर गणिताला एकच समीकरण आणि दोन अज्ञात उरले असते. ते सुटत नाही.

ही कल्पना गाजली ती 1988 मध्ये. बर्कलीच्या विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला. मेनफ्रेम या मोठ्या संगणकांना जोडायच्या महागड्या अवाढव्य डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकातल्या 100 मेगाबाइटच्या छोट्या, स्वस्त डिस्क खूपशा एकत्र लावल्या तर, असा त्यांचा प्रश्न होता. वेग मिळतो, पैसे वाचतात, पण भरवसा जातो. एका डिस्कचं सरासरी आयुष्य 30,000 तास धरलं तर 100 डिस्कांपैकी कुठली तरी एक सरासरी 300 तासांत जाणार, म्हणजे दोन आठवडे सुद्धा नाहीत. तेव्हा जादा डिस्क ठेवा आणि पॅरिटी लिहा, हे त्यांचं उत्तर. निबंध वाचताना मला जो आकडा टोचतो तो वेगळाच आहे. बिघडलेली डिस्क बदलून सगळं पूर्ववत व्हायला त्यांनी हिशेबात धरलाय 1 तास. आणि तो वेळ कमी ठेवायला आधीपासून जोडून ठेवलेल्या राखीव डिस्कचा, म्हणजे आपण ज्याला हॉट स्पेअर म्हणतो त्याचा, उल्लेखही तिथेच आहे.

एक तास! यार्डातल्या त्या दुकानाचं घड्याळ लावून बघू. आधी कुणाला तरी कळायला हवं. त्यात होळी ते अक्षय्य तृतीया गेली. मग डिस्क घ्यायची की नाही हे ठरायला हवं. शेठ लग्नाला कोल्हापूरला, चेकवर सही त्यांचीच. मग डिस्क मिळायला हवी. सांगलीत दुकानांची वाण नाही, सीसीटीव्हीच्या डिस्क हव्या तेवढ्या मिळतात, पण सर्व्हरला चालेल अशी, हव्या त्या साइजची डिस्क बहुतेक वेळा पुण्याहून मागवावी लागते आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पार्सल येतं. त्यानंतर रीबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर पुन्हा उभं करणं. 8 टेराबाइटची डिस्क सेकंदाला 150 मेगाबाइटच्या वेगाने सलग लिहिली तरी 15 तासांच्या आसपास लागतात, आणि हा वेग दुसरं कुणीच काम करत नसेल तेव्हाचा. दिवसभर पट्ट्या निघत असतील तर रीबिल्ड दुसऱ्या दिवसात जातो.

हॉट स्पेअर या साखळीतल्या पहिल्या तीन कड्या काढून टाकतो. कळणं, ठरवणं आणि आणणं. रीबिल्डचे तास तो कमी करत नाही. विकणारे हे कधी सांगत नाहीत, आणि म्हणून बरेच लोक समजतात की स्पेअर आहे म्हणजे दुसरी डिस्क गेली तरी चालेल. चालणार नाही. रेड 5 ला स्पेअर जोडला तरी रीबिल्ड पुरा होईपर्यंत ती उघडीच असते.

आणि हे रीबिल्डचे तासच वाईट. रोजच्या कामात डिस्कच्या कुठल्या तरी कोपऱ्यातलाच भाग वाचला जातो. रीबिल्डला मात्र उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्या सेक्टरपासून, म्हणजे डिस्कवरच्या पहिल्या छोट्या तुकड्यापासून, शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात, तीन वर्षांत ज्यांना कुणी हात लावला नाही ते सेक्टर सुद्धा. साध्या डिस्कच्या कागदावर उत्पादक लिहितात, की 10 चा 14 वा घात एवढे बिट वाचताना एखादी न वाचता येणारी चूक येऊ शकते. हे बिट म्हणजे साडेबारा टेराबाइट. प्रत्यक्षात चांगल्या डिस्क याहून खूप बऱ्या वागतात, आकडा उत्पादकाने हात राखून दिलेला असतो. तरी 8 टेराबाइटच्या तीन डिस्क पूर्ण वाचायच्या म्हणजे 24 टेराबाइट झाले. त्यात एक सेक्टर रुसला तर काही कंट्रोलर, म्हणजे डिस्क सांभाळणारी कार्डं, तेवढा तुकडा सोडून पुढे जातात, काही तिथेच हात टेकतात.

म्हणून स्क्रबिंग. डेबियन लिनक्समध्ये तर ते आपोआप लावलेलं असतं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर सगळा अ‍ॅरे, म्हणजे एकत्र बांधलेल्या डिस्कांचा गट, वाचून पॅरिटी जुळते का ते बघितलं जातं. रुसलेला सेक्टर तेव्हाच सापडतो आणि पॅरिटी शाबूत असल्यामुळे तेव्हाच भरून काढता येतो. पण रविवारी दुकान बंद, आणि दुकान बंद करताना मेन स्विच पाडायची सांगलीतल्या व्यापाऱ्यांची जुनी चांगली सवय! बरेच सर्व्हर मी असे पाहिलेत ज्यांनी आयुष्यात एकही रविवार बघितलेला नाही. तिथे स्क्रब मी मंगळवारी दुपारच्या जेवणाच्या वेळेला टाकतो. थोडं हळू चालतं, तक्रार येते, ऐकून घेतो.

दुसरी गोष्ट लॉटची. नवा सर्व्हर घेताना सगळ्या डिस्क एकाच खोक्यातून येतात. सिरियल नंबर सुद्धा पाठोपाठचे. एकाच दिवशी बनलेल्या, एकाच टेम्पोतून आदळत आलेल्या, एकाच कपाटात तापलेल्या. त्या साधारण एकाच वेळी थकणार, हे सांगायला संशोधन लागत नाही, पण ते झालेलं आहे. 1988 च्या निबंधातल्या गिब्सन यांनीच बियांका श्रोडर यांच्याबरोबर 2007 मध्ये सुमारे 1 लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या. उत्पादकांच्या कागदावरून वर्षाला 1 टक्क्याहून कमी डिस्क बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात 2 ते 4 टक्के सर्रास आणि काही ठिकाणी 13 टक्क्यांपर्यंत बदलल्या जात होत्या. शिवाय या बिघाडांचा एकमेकांशी संबंध दिसत होता, एक गेली की दुसरी जाण्याची शक्यता वाढलेली. याचं अगदी टोकाचं उदाहरण 2019 च्या नोव्हेंबरचं. एचपीई कंपनीने ग्राहकांना कळवलं की त्यांच्या काही एसएसडींचं (चिपवाल्या डिस्कांचं) फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्राम, ताबडतोब बदला, नाहीतर 32,768 तास चालल्यावर ती डिस्क बंद पडेल आणि आतली माहितीही परत मिळणार नाही. 32,768 म्हणजे दोनचा पंधरावा घात. 3 वर्षं, 270 दिवस, 8 तास. एकाच दिवशी चालू केलेल्या सगळ्या डिस्क एकाच सुमारास जाणार. तिथे रेड 5 काय, दोन डिस्क गेल्या तरी तगणारी रेड 6 काय आणि त्याच दिवसापासून चालू असलेला स्पेअर काय!

तेव्हापासून माझा एक हट्ट आहे. स्पेअर दुसऱ्या दुकानातून घ्यायचा, जमल्यास दुसऱ्या कंपनीचा, आणि मूळ खरेदीनंतर काही महिन्यांनी. साइज मात्र तेवढीच किंवा जास्त. नावाला दोन्ही 4 टेराबाइट असल्या तरी काही सेक्टरांचा फरक असू शकतो आणि एक सेक्टर कमी पडला तरी कंट्रोलर ती डिस्क नाकारू शकतो. डेस्कटॉपची स्वस्त डिस्क स्पेअर म्हणून टाकू नये हेही सांगून टाकतो. वाचता न येणारा सेक्टर आला की सर्व्हरची किंवा नासची (नेटवर्कवरच्या साठवण-पेटीची) डिस्क साधारण 7 सेकंदांत चूक कबूल करते, मग पॅरिटीवरून काम भागतं. डेस्कटॉपची डिस्क एकटीच घर चालवायच्या सवयीने कितीतरी वेळ तोच सेक्टर वाचायला झटत राहते. लिनक्स 30 सेकंद वाट बघतो आणि डिस्क मेली असं समजून बाहेर काढतो. आणि एसएमआर म्हणजे एकमेकांवर चढलेले ट्रॅक लिहिणाऱ्या डिस्क रीबिल्डला घातल्या तर तासांचे दिवस होतात. खोक्यावर हे नेहमी लिहिलेलं नसतं. डेटाशीट उघडून बघावं लागतं.

तर अडत दुकानात मी शेठना म्हणालो, एक गेलेली बदलू आणि एक जादा लावून ठेवू. शेठ हिशेबी माणूस. पैशाला कधी नाही म्हणाले नाहीत, पण कशाला हे विचारल्याशिवाय एक रुपया सोडला नाही.

"लावून ठेवायची म्हणजे? ती काय काम करणार?"

"काही नाही. दुसरी कुठली गेली तर तिची जागा घेणार."

"आणि नाही गेली तर?"

"तर बसून राहणार."

"म्हणजे वीज खाणार, तापणार, जुनी होणार आणि काम शून्य. अहो साहेब, असा माणूस ठेवला असता का मी दुकानात?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. पाच डिस्क घेणारच असाल तर चारांची रेड 5 आणि एक स्पेअर करण्यापेक्षा पाचांची रेड 6 करावी, असं मी आता स्पष्ट सांगतो. 4 टेराबाइटच्या डिस्क धरल्या तर दोन्हीत वापरायला जागा 12 टेराबाइटच मिळते. फरक एवढाच, की रेड 6 मध्ये पाचवी डिस्क पहिल्या दिवसापासून कामाला असते. तिच्यामुळे प्रत्येक ओळीत दुसरी, वेगळ्या गणिताची पॅरिटी लिहायला जागा मिळते, म्हणून दोन डिस्क गेल्या तरी दोन समीकरणं हाताशी असतात आणि दोन्ही अज्ञात सुटतात. एक गेल्यावर रीबिल्ड चालू असताना एखादा सेक्टर रुसला तरी भागतं. शिवाय पाचवी डिस्क रोज वाचली-लिहिली जात असल्याने ती जिवंत आहे की नाही हे रोज कळतं. स्पेअरचं तसं नाही. महिनोन्‌महिने नुसता जोडलेला स्पेअर ऐनवेळी उठतच नाही, हे या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. म्हणून स्पेअर ठेवायचाच तर त्याचीही स्मार्ट चाचणी, म्हणजे डिस्कने स्वतःचीच केलेली तपासणी, वेळापत्रकात घालावी लागते. कित्येक लोक चाचणी लावताना अ‍ॅरेतल्या डिस्कांची यादी करतात आणि स्पेअर त्या यादीत नसतो.

रेड 6 ला किंमत आहे ती लिहिण्याच्या वेगाची. छोटी नोंद लिहायची तर रेड 5 ला दोन वाचनं आणि दोन लेखनं करावी लागतात, रेड 6 ला तीन आणि तीन. मिरजेच्या एका स्कॅन सेंटरमध्ये याने काही बिघडत नाही. तिथे सीटीच्या प्रतिमा मोठ्या लांब फायलींनी येतात, एकदा लिहायच्या आणि पुढे फक्त वाचायच्या. अडत दुकानाचं तसं नाही. सौद्याच्या वेळी चार खिडक्यांवरून बारीक बारीक नोंदी सतत पडतात. तिथे जोड्या करून, प्रत्येक डिस्कची हुबेहूब प्रत ठेवणारी रेड 10 मला जास्त आवडते. जागा अर्धी जाते, पण रीबिल्ड म्हणजे जोडीदाराची सरळ नक्कल. बाकीच्यांना तोशीस नाही.

मग स्पेअरला काय अर्थ उरला? उरला, पण वेगळ्या जागी. स्कॅन सेंटरमध्ये एकाच पेटीत तीन अ‍ॅरे आहेत. तिथे तिघांत मिळून एक स्पेअर ठेवला की तो कुणाच्याही मदतीला जातो. लिनक्सवर रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएम या प्रोग्राममध्ये वेगवेगळ्या अ‍ॅरेंना एकाच स्पेअर-ग्रुपचं नाव दिलं की ज्याची डिस्क गेली त्याच्याकडे दुसऱ्याचा स्पेअर आपोआप हलवला जातो, मात्र त्याचा मॉनिटर, म्हणजे पाळत ठेवणारा भाग, चालू असला तर. तो चालू नसेल तर नाव दिलेलं असून नसल्यासारखं. आणि मिरजेत रात्रपाळी असते. अपघाताची केस पहाटे तीनला सुद्धा येते. मी झोपलेला असताना पहिली तीन कामं कुणीतरी केलेली असली पाहिजेत, एवढ्यासाठी तिथे तो स्पेअर आहे.

स्पेअरचा मला सगळ्यात आवडणारा उपयोग डिस्क मरायच्या आधीचा आहे. स्मार्टमधले 5, 197 आणि 198 नंबरचे आकडे, म्हणजे बदललेले, अडकून पडलेले आणि वाचताच न येणारे सेक्टर, शून्यावरून हलले आणि पुढे वाढतच राहिले की ती डिस्क माझ्या मते निवृत्त. भले ती अजून हिरवी दिसत असो. तिला फेल करून बाहेर काढायची घाई करायची नाही. एमडीएडीएमला रिप्लेस म्हणून सांगता येतं. मग थकलेली डिस्क जागेवर असतानाच तिच्यावरचं सगळं स्पेअरवर उतरवलं जातं, वाचता न आलेला तुकडा तेवढा पॅरिटीवरून भरला जातो, आणि काम झाल्यावरच जुनी बाजूला होते. या सगळ्या वेळात अ‍ॅरे एक क्षणही उघडी पडत नाही. बाकीच्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचण्याची शिक्षाही नाही. एवढी साधी सोय, आणि तरी पाहावं तिथे माणसं आधी डिस्क उपसतात आणि मग विचार करतात.

उपसण्यावरून आठवलं. एके ठिकाणी दुसऱ्या कुणीतरी तंत्रज्ञाने तिसरी डिस्क मेली म्हणून वरून तिसरी काढली. सॉफ्टवेअर शून्यापासून मोजत होतं. मेलेली राहिली आत, जिवंत आली हातात, आणि सगळा अ‍ॅरे कोसळला. नशिबाने तो पुन्हा जोडता आला. तेव्हापासून मी प्रत्येक ट्रेच्या तोंडाला सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे मार्करने लिहितो, आणि काढण्याआधी त्या कप्प्याचा दिवा लुकलुकवून बघतो. दिसायला हे गावठी दिसतं. असू दे.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. स्पेअर कामाला लागला, रीबिल्ड पुरा झाला, सगळे दिवे हिरवे. लोक सुटकेचा श्वास टाकतात. पण त्या क्षणी स्पेअर नाहीये! तो आता नेहमीची डिस्क झाला आणि राखीव जागा रिकामी आहे. या रिकाम्या जागेला दिवा नसतो, आवाज नसतो. अ‍ॅरे निरोगी आहे असंच सॉफ्टवेअर म्हणतं, आणि ते खरंही असतं. डिस्क मेल्याचं लक्षात ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, स्पेअर संपल्याचं लक्षात ठेवणारी फार कमी. एमडीएडीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये या अ‍ॅरेला किती स्पेअर हवेत तो आकडा लिहिला, तर मॉनिटर अ‍ॅरे पहिल्यांदा बघतो तेव्हा तो कमी दिसल्यास 'स्पेअर्समिसिंग' असा इशारा येतो. तो आकडा कुणी लिहीत नाही. हार्डवेअर कंट्रोलरांत कॉपीबॅक असतं: मेलेल्याच्या जागी नवी डिस्क घातली की स्पेअरवरची माहिती तिच्यावर परत उतरते आणि स्पेअर पुन्हा मोकळा होतो. झेडएफएस या फाइल-व्यवस्थेमध्येही स्पेअर हा पाहुणाच मानला जातो, मूळ जागा भरली की तो परत आपल्या जागी. पण दोन्हीकडे नवी डिस्क कुणीतरी विकत आणायची असते, आणि सगळं हिरवं असताना पैसे मागायला गेलात तर काय ऐकायला मिळतं ते वर सांगितलंच आहे.

यावर मी काढलेला तोडगा तांत्रिक नाही. स्पेअर लावतानाच त्याच्या पुढच्या डिस्कचे पैसे वार्षिक कराराच्या रकमेत धरून ठेवायचे. म्हणजे स्पेअर वापरला गेला त्या दिवशी मला कुणाला पटवावं लागत नाही, नुसती ऑर्डर टाकायची. कपाटात नवी डिस्क आधीच आणून ठेवावी असं काहीजण म्हणतात. छोट्या गिऱ्हाइकाला ते ठीक आहे, मीही ठेवतो, पण वॉरंटी खरेदीच्या तारखेपासूनच धावते हे विसरायचं नाही. पाकिटात सिलिका जेल, वर खरेदीचा महिना मोठ्या अक्षरात, आणि सहा महिन्यांतून एकदा लावून पूर्ण चाचणी. न तपासलेली कपाटातली डिस्क म्हणजे फक्त पावती.

एवढं सगळं करून शेठच्या दुकानातला सर्व्हर मजबूत झाला. रेड 10, स्क्रब, स्मार्ट चाचण्या, धूळ अडवायला कपाटाला जाळी. मग शेठनीच एक दिवस विचारलं, "आणि पाणी आलं तर?"

सांगलीत हा प्रश्न कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 57 फुटांच्या वर गेली. 2021 च्या जुलैत लोकांनी पुन्हा सामान वरच्या मजल्यावर चढवलं. मी सांगायला सुरुवात केली की रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल सगळ्या डिस्कांवरून एकदमच पुसली जाते, खंडणीवाला व्हायरस आला तर तोही पॅरिटीसकट कुलूप घालतो, आणि पुराला तर रेड 5 आणि रेड 6 मधला फरकच कळत नाही. शेठनी हात वर करून मला थांबवलं.

"हरिपूरची पेवं बघितलीत ना तुम्ही? हळद जमिनीत ठेवायची, कीड नाही, हवा नाही. एका पेवाने दगा दिला तर शेजारी दुसरं. 2005 ला नदीच आत आली. शेजारी असून काय झालं?"

यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. शेठची बेदाण्याची दुसरी पेढी तासगावला आहे. तिथे एक छोटी पेटी बसवली. दोन डिस्कांचा मिरर (एकीची दुसरीवर हुबेहूब प्रत), रोज रात्री इकडून बदललेल्या फायली जातात आणि जुन्या आवृत्त्या काही आठवडे तशाच राहतात. शेठनी लगेच विचारलं, तिथेही एक बसून खाणारी लागणार का. नाही म्हणालो. ती पेटी एक दिवस बंद पडली तर कुणाची पट्टी अडत नाही. तिथे कपाटातली डिस्क पुरे, माझा प्रवासच काय तो अर्ध्या दिवसाचा.

वाद झाला तो इशाऱ्याचा मेल कुणाला जाणार यावर. शेठ मेल उघडत नाहीत. मुनीमजींचा पत्ता छापील लेटरहेडवर आहे, पण पासवर्ड ज्या पोराला माहीत होता तो आता पुण्याला नोकरी करतो. माझ्याकडे येतोच, पण एकट्या माझ्याकडे येणंही मला पटत नाही. मीही गावाला जातो, आजारी पडतो. शेवटी तासगावच्या पेढीचे हिशेब बघणाऱ्या शेठच्या सूनबाईंचं नाव घातलं. त्या खरंच मेल वाचतात. बिघाडाचा मेल वर्षातून एखादा येणार, त्याची सवय कशी राहणार, म्हणून एमडीएडीएमचा चाचणी-संदेश दर सोमवारी सकाळी पाठवायचं ठरवलं. त्यात वाचण्यासारखं काही नसतं, दोन्ही पेट्यांची नावं आणि स्थिती. डिस्क धड असेल तिथे यू, गेली असेल तिथे अंडरस्कोअर, एवढं त्यांना शिकवलं.

मध्ये एका सोमवारी अकराच्या सुमारास त्यांचा फोन आला. मेलमध्ये काही वाईट आलं असेल म्हणून मी उठून उभाच राहिलो.

"दादा, आज आलाच नाही."

यार्डाबाहेर रस्ता खोदताना कुणीतरी ब्रॉडबँडची केबल तोडली होती. शनिवारच्या रात्रीपासून तासगावला काहीच गेलेलं नव्हतं. मुनीमजींना विचारलं, तर ते म्हणाले, पट्ट्या निघताहेत की.